हरवलेल्या वंशाचा शोध : एका ग्रंथाच्या निमित्ताने

युलिया एगोरोवा आणि शाहिद परवेझ या दोन अभ्यासकांनी लिहिलेला ‘द ज्यूज ऑफ आंध्र प्रदेश’ हा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केला. गुंटूर जिल्ह्यात चेब्रोलूजवळ कोत्तारेड्डीपालेम नावाचे खेडे आहे. तेथील मादिगा जातीची काही कुटुंबे पूर्वी बॅप्टिस्ट ख्रिस्ती होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपण इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी एफ्राईमच्या वंशातील असल्याचे जाहीर केले. स्वतःस ‘बेने एफ्राईम’, म्हणजे एफ्राईमची लेकरे, असे म्हणवून घेऊन त्यांनी शब्बाथ, सुंता, यहुदी सण आणि हिब्रू भाषा यांचा स्वीकार केला व सभास्थान उभारले. श्मुएल आणि सादोक याकोबी हे दोन बंधू या चळवळीचे प्रणेते होत. शाहिद परवेझ यांनी त्या वस्तीत राहून जे पाहिले व ऐकले, त्यावर हा ग्रंथ मुख्यतः आधारलेला आहे.

वऱ्हाडातल्या कॅथलिक वाचकाने गुंटूरच्या चार घरांची उठाठेव कशासाठी करावी, असा प्रश्न कोणी विचारील. मादिगा हे लोक आपणांस अगदीच परके नाहीत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही हे नाव आहे, आणि चामड्याचे काम व गावकुसाबाहेरची वस्ती हा त्यांचा पूर्वेतिहास आपल्याकडील गावांनाही ठाऊक आहे. शिवाय हल्ली मोबाईलच्या पडद्यावरून, कधी पत्रकांतून, ‘रविवार खरा की शनिवार खरा’, ‘डुकराचे मांस ख्रिस्ती माणसाला चालते काय’, ‘येशू म्हणावे की येशुआ’ असे प्रश्न आपल्या घरांत शिरू लागले आहेत. धर्मग्रामातील तरुण ते घेऊन येतात आणि मोठी माणसे त्यांना गप्प बसवतात. हे गप्प बसवणे मला मान्य नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट केलेला बरा. नियमशास्त्राकडे वळणारे सर्व ख्रिस्ती एका जातीचे नाहीत. पुण्यात स्पायसर विद्यापीठ चालविणारे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात, अशुद्ध मांस वर्ज्य मानतात. परंतु आपण यहुदी वंशाचे आहोत असे ते म्हणत नाहीत, आणि प्रभू येशूवरील त्यांचा विश्वास अढळ आहे. दुसरे काही गट येशूला ‘मसीहा’ मानून यहुदी उपासनापद्धती स्वीकारतात. बेने एफ्राईमांचे पाऊल याच्याही पलीकडचे आहे. त्यांनी ख्रिस्ती धर्मच सोडला आणि वंशाचा दावा केला. ईशान्य भारतातील ‘बेने मनश्शे’ हे त्यांचे जवळचे सोबती. मिझोराममध्ये १९५१ साली चाला नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाला झालेल्या साक्षात्कारापासून ती कथा सुरू होते. २००५ साली इस्राएलचे सेफार्दी प्रमुख रब्बी श्लोमो आमार यांनी त्यांना इस्राएलचे वंशज म्हणून मान्यता दिली. तरी तेथे स्थायिक होणाऱ्यांना रीतसर यहुदी धर्मदीक्षा घ्यावीच लागली. हिलेल हॅल्किन यांनी त्यांच्यावर २००२ साली एक वाचनीय पुस्तक लिहिले आहे. बेने एफ्राईमांच्या वाट्याला तशी मान्यता आलेली नाही.

प्रस्तुत ग्रंथाचा मोठा गुण असा की, वंशाचा दावा खरा की खोटा या वादात लेखकद्वय शिरत नाही. रक्त तपासण्याचे काम त्यांनी इतरांवर सोपविले आहे. हा दावा कोणी, कोठे, कोणत्या परिस्थितीत केला आणि त्यामुळे त्यांच्या जगण्यात काय बदलले, हे त्यांना पाहावयाचे आहे. गावात राहिलेल्या माणसाचे निरीक्षण पानोपानी दिसते. भाषा मात्र विद्यापीठीय आहे. ‘अस्मिता’, ‘संवादन’, ‘सीमारेषा’ अशा अर्थाच्या पारिभाषिक शब्दांची गर्दी इतकी की, मधूनमधून ती माणसे दृष्टीआड होतात.

श्मुएल याकोबी यांनी २००२ साली आपल्या लोकांचा इतिहास म्हणून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. एफ्राईमचा वंश असिरियनांच्या बंदिवासातून निघून देशोदेशी भटकत उत्तर हिंदुस्थानात आणि तेथून तेलुगू प्रदेशात आला. पुढे आलेल्या वरचढांनी त्याला अस्पृश्य केले. आपली मूळ ओळख तो विसरला, पण तिच्या खुणा उरल्या, असा त्याचा गाभा आहे. खुणा कोणत्या? मादिगा लोक गोमांस खातात, प्रेताला अग्नी न देता पुरतात, आणि तेलुगू शब्दांचे हिब्रू शब्दांशी साम्य दाखविता येते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर यातले फारसे काही टिकत नाही. माझ्या सेमिनरीतील मोडक्यातोडक्या हिब्रूलाही ते कळते. परंतु तेवढ्यावर पुस्तक मिटून ठेवणारा वाचक त्यातील मर्म गमावील.

गोमांस ही गावाच्या दृष्टीने मादिगांची सर्वांत मोठी लाज होती. श्मुएल याकोबी यांनी तीच गोष्ट कुलीनतेचे लक्षण म्हणून पुढे केली. वऱ्हाडच्या वाचकाला येथे एक ओळखीचा सूर ऐकू आल्याशिवाय राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्य हे पूर्वाश्रमीचे बौद्ध होते, आणि गोमांसभक्षण न सोडल्यामुळे त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली, असा सिद्धांत मांडला. आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला जे घडले त्याचे पडसाद अमरावती-अकोल्याच्या खेड्याखेड्यांत आजही उमटत आहेत. त्याआधी महात्मा फुल्यांनी बळीराजाच्या कथेचा असाच उलटा अर्थ लावला होता. विद्वत्तेच्या तोलात बाबासाहेब आणि याकोबी यांची बरोबरी होऊ शकत नाही, हे सांगावयास नको. तथापि दोघांच्या लेखनामागचा प्रश्न एकच आहे : ज्या गोष्टीमुळे आम्हाला हीन ठरविले गेले, ती आमच्या जुन्या मोठेपणाची तर खूण नाही ना? एगोरोवा आणि परवेझ यांनी दलित चळवळींच्या संदर्भात या समाजाला ठेवून पाहिले, ही त्यांच्या ग्रंथाची खरी कमाई होय. मला वाटते, यहुदी धर्माच्या इतिहासापेक्षा दलित इतिहासलेखनाच्या परंपरेत याकोबींच्या ग्रंथाची जागा अधिक योग्य आहे.

‘हे सारे इस्राएलला जाण्यासाठी’, ‘हे सारे परदेशी पैशासाठी’ असा आरोप अशा लोकांवर नेहमी होतो. आपल्यावरही तो झालेला आहे, म्हणून आपण तरी तो जपून करावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, पण यहुदी म्हणवून घेतल्याने त्या परत मिळत नाहीत. इस्राएलचे दारही या समाजाला उघडलेले नाही. मग एवढा खटाटोप, हिब्रू अक्षरे गिरवण्यापासून सुंतेच्या वेदनेपर्यंत, केवळ लोभापायी झाला असे म्हणणे म्हणजे विचार करण्याचे टाळणे होय.

येथे मराठी वाचकाजवळ एक मापदंड आहे, जो प्रस्तुत लेखकांपेक्षा आपणांस अधिक जवळचा. तो म्हणजे कोकणातील बेने इस्रायल समाज. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी त्या समाजाचा इतिहास १८९७ साली इंग्रजीत लिहून ठेवला. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. आपल्या वऱ्हाडातल्या तेली बांधवांना हे नाव ऐकून गंमत वाटेल. ग्रंथ हरवले, हिब्रू हरवली. उरले ते शमाचे काही शब्द, सुंता, शब्बाथ, आणि खवले व पर नसलेला मासा न खाण्याचा नियम. दावीद रहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने त्यांच्या बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी निषिद्ध मासे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली, अशी गोष्ट आहे. मुंबईत मांडवीला त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. त्याला ते स्वतः ‘मशीद’ म्हणत. एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात, त्यात पोहे, नारळ आणि फळे असतात. केहिम, नवगाव, दिवे ही गावे त्यांच्या आडनावांत आहेत.

वरवर पाहता फरक स्पष्ट वाटतो. बेने इस्रायलांजवळ आचार होता आणि ग्रंथ नव्हता. बेने एफ्राईमांना ग्रंथ आधी सापडला आणि आचार त्यानंतर आला. परंतु ही विभागणी पुरती खरी नाही. कोकणातल्या यहुद्यांच्या हाती मराठी जुना करार दिला तो ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, ते मुख्यतः याच समाजासाठी. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता : नियमशास्त्र व संदेष्टे वाचून हे लोक ख्रिस्ताकडे येतील. घडले ते निराळे. बायबल वाचून बहुसंख्य बेने इस्रायल अधिक पक्के यहुदी झाले. इस्राएलला गेल्यावर तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी शंका काढली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह केला आणि १९६४ साली तेथील संसदेकडून आपण पूर्ण यहुदी असल्याचे वदवून घेतले. म्हणजे मुद्रित बायबल एकदा माणसाच्या हाती पडले की, त्यात तो स्वतःला कोठे पाहील हे छापणाऱ्याच्या हाती राहत नाही. गुंटूरमध्ये दीडशे वर्षांनी तेच झाले. या साम्याकडे लेखकद्वयाने अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

आता ग्रंथातील मला जाणवलेली मुख्य उणीव. ही माणसे बॅप्टिस्ट मंडळीतून बाहेर पडली. पण त्या मंडळीत त्यांचे जीवन कसे होते, याविषयी मला हवे होते त्याहून फार कमी येथे मिळते. तेलुगू बॅप्टिस्टांचा इतिहास साधा नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात जॉन क्लाऊ या अमेरिकन मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा ठेका घेऊन हजारो उपाशी मादिगांना काम दिले. अन्नासाठी कोणी ख्रिस्ती होऊ नये म्हणून दुष्काळ चालू असेतो त्याने बाप्तिस्मा थांबविला. दुष्काळ सरल्यावर, ३ जुलै १८७८ या एका दिवशी, २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. यात यर्रागुंटला पेरय्या या मादिगा प्रचारकाचा वाटा मिशनऱ्याइतकाच मोठा होता. एवढ्या अपेक्षेने उभी राहिलेली मंडळी पुढे जातीच्याच कप्प्यांत बसली. त्या भागात बॅप्टिस्ट म्हणजे मादिगा आणि लुथरन म्हणजे माला असे समीकरण रूढ झाले. आणि रेड्डी व कम्मा कॅथलिकही तेथे आहेत, हे आपण विसरू नये. १७ जुलै १९८५ रोजी शेजारच्या प्रकाशम जिल्ह्यात कारमचेडू येथे मादिगांची हत्या झाली. बेने एफ्राईमांची घोषणा त्यानंतर थोड्याच वर्षांतली. या दोन घटनांत कार्यकारण मी जोडीत नाही. पण ज्या हवेत ही माणसे श्वास घेत होती ती हवा ही होती.

आपल्या प्रवचनांतून अशा वेळी संत पौलाचे गलतीकरांस पत्र हमखास बाहेर काढले जाते : सुंता नको, नियमाचे जू नको, ख्रिस्ताने आपल्याला स्वतंत्र केले आहे. शिकवण बरोबर आहे. यरुशलेमच्या सभेत, प्रेषितांची कृत्ये अध्याय १५ मध्ये, ख्रिस्तसभेने तोच निर्णय केला. परंतु त्या पत्राचा दुसरा अध्याय आपण सावकाश वाचतो काय? अंत्युखियात पेत्र विदेशी ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंक्तीस जेवत होता. याकोबाकडून काही माणसे आली, आणि त्यांच्या भीतीने तो पंक्तीतून उठला. पौलाचा संताप उसळला तो या उठण्यावर. सुंतेचा वाद त्या पत्रात आहेच. पण तो ताटापासून दूर नाही. कोणी कोणाच्या शेजारी बसून भाकरी खायची, हा तेथील प्रश्न आहे. मादिगा ख्रिस्ती माणसाला ते पत्र वाचून दाखविण्यापूर्वी, त्याच्या शेजारी कोण जेवायला बसले होते, हे वाचणाऱ्याने सांगितले पाहिजे. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आत अस्पृश्यता पाळली जात असल्याची कबुली दिली. मल्याळी, तामिळ, मंगळुरी आणि स्थानिक अशी कुटुंबे ज्या धर्मग्रामात एकत्र येतात, तेथील लग्नाच्या पंगतीत कोणाचे पान कोठे मांडले जाते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

‘यहुदीकरण’ या शब्दाचा कॅथलिक इतिहासही निर्मळ नाही. अंत्युखियातच ३८६-८७ साली संत योहान ख्रिसोस्तोम यांनी यहुद्यांविरुद्ध जी प्रवचने केली, त्यांचा रोख वस्तुतः सणासुदीला सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर होता. पुढच्या शतकांनी मात्र ती यहुदीद्वेषाचे हत्यार म्हणून वापरली. आपल्या अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथे १५६० साली धर्मन्यायालय स्थापन झाले, आणि त्याचे पहिले भक्ष्य ठरले ते पोर्तुगालहून आलेले ‘नवे ख्रिस्ती’ : स्नानसंस्कार झालेले, पण घरात गुप्तपणे शब्बाथ पाळतात असा संशय असलेले. गार्सिया द ओर्ता हे वैद्य हिंदुस्थानच्या वनौषधींवरील आपल्या १५६३ च्या ग्रंथामुळे जगास परिचित आहेत. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. नियमशास्त्र पाळणारा ख्रिस्ती म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्या किनाऱ्यावर एकदा असे उत्तर दिले गेले.

२८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्याने ही वाट बदलली. देवाने इस्राएलशी केलेला करार रद्द झालेला नाही, ही रोमकरांस पत्रातील शिकवण पुन्हा प्रकाशात आली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सभास्थानास भेट दिली. मराठी प्रवचनांत मात्र ‘परुशी’ हा शब्द अजून शिवीसारखा वापरला जातो, आणि ‘नियमशास्त्र’ म्हटले की जणू प्रेमाच्या विरुद्ध असे काहीतरी. आपले प्रभू आठव्या दिवशी सुंता झालेले, शब्बाथला सभास्थानात जाणारे यहुदी होते, हे आपल्या मुलांना मोबाईलवरच्या अनोळखी प्रचारकाकडून प्रथम कळते. मग त्यांना वाटते की, ख्रिस्तसभेने ही गोष्ट लपवून ठेवली होती.

इतके मान्य करूनही बेने एफ्राईमांच्या मार्गाविषयी माझी एक हरकत उरते, आणि प्रस्तुत लेखकांची तटस्थता तिला स्पर्श करीत नाही. हीन ठरविलेल्या माणसाने ‘मी अमुक थोर वंशाचा’ असे उत्तर दिले, तर प्रश्न विचारणाऱ्याचा नियम त्याने मान्य केला असे होते. गाव विचारते, ‘तुझे कूळ कोणते?’ याकोबी म्हणतात, ‘योसेफाचे.’ उत्तर भव्य आहे; पण ज्या शेजारणीचे कूळ कोणत्याही ग्रंथात सापडत नाही, तिने काय म्हणावे? स्नानसंस्कार हा वंशावळ न विचारता दिला जातो. उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायात आंधळा याकोब हात अदलाबदल करून उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो आणि थोरलेपणाचा हक्क बाजूला सारतो. एफ्राईमचे नाव घेणाऱ्यांना ही कथा अपरिचित असणार नाही. तेलुगू मंडळीत वंशावळ न विचारण्याचे हे वचन पाळले गेले असते, तर याकोबींना ग्रंथ लिहावा लागला असता काय, हा प्रश्न मी येथेच ठेवतो. लेखकद्वयाने तो सोडून गेलेल्यांना आणि बॅप्टिस्ट मंडळीत राहिलेल्या त्यांच्या भावकीला, अशा दोघांनाही थेट विचारावयास हवा होता. एकाच घरात एक भाऊ शनिवारी आणि दुसरा रविवारी उपासनेला जातो, त्या घरातील नाताळ व वल्हांडण कसे होत असतील, याचे एखादे सविस्तर प्रकरण असते तर मी पारिभाषिक चर्चेची पन्नास पाने आनंदाने सोडून दिली असती.

ग्रंथ वाचावा, विशेषतः धर्मशिक्षण देणाऱ्यांनी. सैद्धांतिक चर्चा जड वाटल्यास ती ओलांडून गावाच्या वर्णनापासून सुरुवात करावी आणि नंतर मागे यावे. सोबत केहिमकरांचा इतिहास मिळाल्यास तोही पाहावा. त्यांचे इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, पण त्यातली माणसे, त्यांची आडनावे आणि त्यांच्या पोह्यांचा मलिदा आपल्या ओळखीचा आहे.